हरितगृहातला कॅमेरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच जागेभोवती फिरतात. वर काचेचं किंवा प्लॅस्टिकचं छप्पर, खाली दमट हवा आणि त्यात ऑर्किड, अँथुरियम, हेलिकोनिया, कॅलेथिया, नेचे. कुणी उरुळी कांचनच्या रोपवाटिका पालथ्या घालतंय, कुणाला एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाआधी हात बसवायचाय, कुणी सिंगापूरचं तिकीट काढून बसलंय. कॅमेरा कोणता घ्यावा, हे मात्र आज सांगणार नाही. हरितगृहात फोटो बिघडतो तो हवेमुळे, उजेडामुळे आणि पानाचा पृष्ठभाग नीट न बघितल्यामुळे. त्याबद्दलच बोलू.

मावळातल्या एका ऑर्किडच्या पॉलिहाऊसमध्ये रीतसर परवानगी घेऊन गेले होते. एसी गाडीतून उतरून थेट आत शिरले, तर पहिली वीस मिनिटं सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे. लेन्स पुसली की क्षणभर बरं, मग पुन्हा तेच. लेन्स बिघडली का? (वाचिका, वानवडी)

लेन्स ठणठणीत आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जे होतं, तेच तिला झालं. आत २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. म्हणजे २४ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणारच. तासभर एसीत राहिलेली लेन्स २०-२२ अंशांवर असते. पुसल्याने काच कोरडी होते पण गारच राहते, म्हणून दोन सेकंदांत पुन्हा वाफ धरते. शिवाय ओल्या काचेवर कापड फिरवलं की बोटांचा तेलकटपणा सगळीकडे पसरतो आणि वाफ गेल्यावरही उजेडाच्या दिशेचे फोटो धुरकट येतात.

पोचण्याआधीची शेवटची १५-२० मिनिटं एसी बंद करून गाडीच्या काचा खाली घ्या. उतरल्यावर कॅमेरा लेन्ससकट झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप नीट लावा आणि मगच आत न्या. आता दव पिशवीच्या बाहेरून धरेल. लहान लेन्सला १५-२० मिनिटं पुरतात, जड झूमला अर्धा तास लागतो. तोवर मोकळ्या हाताने एक फेरी मारून कुठल्या फुलावर कुठून उजेड येतोय ते बघून ठेवा, तो वेळ वाया जात नाही. डिसेंबरात सकाळी १०-१२ अंशांत दुचाकीवरून गेलात तरी हेच करायचं, तिथे एसी नसला तरी थंडी आहेच.

आत लेन्स बदलू नका. बॉडी उघडली की दमट हवा थेट सेन्सरपर्यंत जाते आणि सेन्सरवर धरलेली वाफ पुसायची नसते, वाट बघायची असते.

घरी आल्यावर ओलसर बॅगेत कॅमेरा तसाच ठेवला, तर पुण्यातल्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला वेळ लागत नाही. हवाबंद डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका.

हिरव्या शेडनेटखाली काढलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किडसुद्धा हिरवट दिसतं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगजुळणी) ऑटोवर असतो. (वाचक, पिंपळे सौदागर)

ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळा-निळा फरक बऱ्यापैकी सांभाळतो, हिरव्या झाकेपुढे मात्र कमी पडतो. आणि तुमच्या फुलावर हिरवा रंग दोन वाटांनी येतोय: वरच्या जाळीतून आणि शेजारच्या पानांवरून परतणाऱ्या उजेडातून.

पहिल्यासाठी राखाडी कार्ड. ते छातीशी धरून नव्हे, फूल आहे नेमक्या त्या जागी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. कार्ड नसेल तर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा चालतो. छपाईचा कागद टाळा, त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि त्यामुळे तो निळसर वाचला जातो. जाळीखालून पॉलिथिनखाली गेलात, की कार्ड पुन्हा. दुसऱ्यासाठी तोच थर्माकोलचा तुकडा फूल आणि शेजारचं मोठं पान यांच्यामध्ये, फ्रेमच्या बाहेर धरा. पाकळीच्या कडेची हिरवी सावली लगेच निघून गेलेली दिसेल.

रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर सॉफ्टवेअरमधला टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे १० ते २५ सरकवून काम भागतं. फूल शुभ्र होईपर्यंत ओढत राहिलात, तर पानं राखाडी पडतात. किंचित हिरवट राहू द्या, ते फूल हिरवाईतच वाढलंय.

जाता जाता एक हिशेब, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा: ५० टक्क्यांची जाळी उजेडाचा एक स्टॉप खाते, ७५ टक्क्यांची दोन.

ॲग्लोनिमा, मॉन्स्टेरा, अँथुरियम यांच्या पानांवर पांढरे चट्टे येतात. म्हणून पोलरायझर घेतला. काही फोटो सुंदर आले, काहींत पान मेल्यासारखं दिसतं आणि काहींत काहीच फरक नाही. (वाचक, सहकारनगर)

तीन प्रकारचे निकाल आले, कारण तुम्ही वेगवेगळ्या पानांना आणि वेगवेगळ्या कोनांना एकच औषध दिलंत.

पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर. तो काय करतो ते आधी. चकचकीत पानाच्या मेणचट थरावरून आरशासारखा परतणारा उजेड एका विशिष्ट कोनात एकाच दिशेने कंप पावतो आणि फिल्टर फिरवून तो अडवता येतो. हा कोन पानाच्या सपाटीशी साधारण ३५ अंशांचा. म्हणजे पानाकडे तिरपं बघितलंत तर फिल्टर जोरात काम करतो, बरोबर वरून बघितलंत तर जवळपास नाहीच. ज्यांत फरक दिसला नाही, ते फोटो बहुधा वरून काढलेले असणार. दोन पावलं मागे सरून, गुडघ्यावर बसून तिरप्या नजरेने बघा. फिल्टरची किंमतही लक्षात ठेवा, दीड ते दोन स्टॉप उजेड जातो.

ढगाळ दिवशी फिल्टर काढून ठेवू नका. पानावरचा तो निळसर-पांढरा पडदा म्हणजे आभाळाचंच प्रतिबिंब असतं. तो हटला की खालचा खरा हिरवा रंग आणि शिरा वर येतात.

आता मेल्यासारख्या दिसणाऱ्या पानाबद्दल. अँथुरियमचा लाल महाछद, म्हणजे ज्याला आपण फूल म्हणतो ते रंगीत पान, त्याची ओळखच लाखेसारखी चकाकी आहे. ती पूर्ण पुसली की प्लॅस्टिकचा तुकडा उरतो. फिल्टर पूर्ण फिरवून चमक घालवा आणि मग हळूहळू एक-तृतीयांश परत आणा. महाछदाच्या फुगीर बाजूवर एक मऊ, लांबट उजळ पट्टा राहिला की थांबा. पट्टा कडक आणि फुटलेला दिसत असेल, तर दोष फिल्टरचा नाही, वरून येणाऱ्या थेट उन्हाचा आहे. वर ट्रेसिंग पेपर धरा.

मखमली पानांना पोलरायझर लागतच नाही. अँथुरियम क्रिस्टलिनम किंवा फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसमच्या पानावर भिंग धरून बघा: वरच्या पेशी बारीक घुमटांसारख्या फुगलेल्या दिसतात. त्या उजेड परत फेकण्याऐवजी आत घेतात, म्हणून पान गडद आणि मऊ दिसतं. इथे हवा बाजूचा, खालून सरपटत येणारा उजेड. समोरून उजेड टाकलात की मखमल सपाट होते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अशा काळपट पानाला उजळ करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण उजेड) ०.७ ते १ स्टॉप कमी ठेवा. आणि बोट लावू नका, कोवळ्या मखमली पानावर उमटलेला ठसा पुढे जात नाही.

चंदेरी ठिपक्यांची पानं, म्हणजे सिंडॅप्सस पिक्टस, काही बिगोनिया, पायलिया, ही आणखी वेगळी. तिथली चांदी म्हणजे वरच्या पातळ कातडीखाली अडकलेली हवा. ती उजेड सगळीकडे विखुरते, म्हणून फिल्टर फिरवला तरी चांदी टिकते आणि फक्त वरची चमक जाते. इथे पोलरायझर बिनधास्त वापरा.

राहिला निळ्या झाकेचा सेलाजिनेला. त्याचा निळा हा रंगद्रव्याचा नसून पृष्ठभागावरच्या अतिपातळ थरांमुळे उमटणारा आहे, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. पान ओलं झालं की निळाई जाते. त्यामुळे फवारणीनंतर लगेच गेलात तर साधं हिरवं झुडूप मिळेल. फिल्टर उतरवा, पान कोरडं होऊ द्या आणि कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत निळाई कुठे सगळ्यात गडद होते ते शोधा. चार बोटं सरकलं तरी ती नाहीशी होते.

ट्रायपॉडला परवानगी नाही आणि आत उजेड कमी. सेटिंग काय ठेवू? (वाचक, औंध)

ढगाळ सकाळी, बऱ्यापैकी दाट हरितगृहात सुरुवातीला हे धरा: एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान), आयएसओ १६०० (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), शटर १/१२५ सेकंद. पोलरायझर लावला तर आयएसओ ६४०० किंवा एफ/५.६ आणि आयएसओ ३२००. थोडा दाणा आला तरी चालतो, हललेलं पान कुठल्याही सॉफ्टवेअरने स्थिर होत नाही.

पान हलतं कशाने, ते आधी ओळखा. पंखा आणि ओल्या पॅडच्या पॉलिहाऊसमध्ये तापमान ठरावीक अंशावर गेलं की एक्झॉस्ट पंखे आपोआप सुरू होतात, काही मिनिटांनी थांबतात. त्यांचा आवाज ऐकत राहा. थांबल्यावर अर्धं मिनिट जाऊ द्या, लांब देठांची फुलं तेवढा वेळ डुलतच असतात. पुण्याच्या आसपास नैसर्गिक वायुविजनाची पॉलिहाऊस भरपूर आहेत. तिथे बाजूचे पडदे गुंडाळून वर घेतात आणि दुपारचा पश्चिमेचा वारा सरळ आत येतो. म्हणून सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ सोन्यासारखी. फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारे तुषारक) कधी चालू होतात, हे माळीकाकांना आधीच विचारून घ्या. कॅमेरा वाचतो आणि त्यांच्या कामात आपण आडवेही येत नाही.

हात स्थिर ठेवायला साधी दोरी घ्या. कॅमेऱ्याच्या तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात बसणाऱ्या पाव इंची स्क्रूला दीड मीटर सुतळी बांधा, दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. वर-खाली हलणं बरंच थांबतं. तीनचार फोटोंचा बर्स्ट घेतलात तर मधला एखादा हमखास स्वच्छ निघतो.

स्वच्छ पारदर्शक काचेखाली दुपारी जाऊ नका. छताच्या सांगाड्याच्या सावल्या पानांवर गजांसारख्या पडतात आणि उजळ-काळे पट्टे एकाच एक्स्पोजरमध्ये बसत नाहीत. पॉलिहाऊसची दुधाळ फिल्म असेल तर मात्र दुपारचा उजेडही मऊ मिळतो. छत बघून वेळ ठरवा.

लाल अँथुरियम आणि टॉर्च जिंजर फोटोत लाल गोळाच दिसतात, आतली रचना गायब. हिस्टोग्राम तर ठीक असतो. (वाचिका, बिबवेवाडी)

ठीक असतो तो पांढरा, एकत्रित हिस्टोग्राम (फोटोत काळं-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख). मेन्यूत जाऊन लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा हिस्टोग्राम लावा, लाल रेषा उजव्या भिंतीला चिकटलेली दिसेल. फुलातून हिरवा-निळा उजेड जवळपास येतच नाही, त्यामुळे सरासरी काढणाऱ्या मीटरला फ्रेम अंधारी वाटते, तो एक्स्पोजर वाढवतो आणि लाल वाहिनी भरून सांडते. सांडलेल्या लालमध्ये शिरा आणि सुरकुत्या उरत नाहीत.

एक्स्पोजर ०.७ ते १.३ स्टॉप कमी करा, लाल रेषा भिंतीपासून सुटेपर्यंत. पानं काळपट होतील, ती नंतर सावल्यांच्या स्लायडरने उचला. आणि सॅच्युरेशन वाढवायचा मोह टाळा, लालसाठी ते ५-१० कमी केलं तर रचना उलट मोकळी होते. पांढऱ्या फुलांचं बरोबर उलटं: स्पॅथिफायलम फ्रेमभर असेल तर ०.७ ते १ स्टॉप वाढवा, नाहीतर ते राखाडी येतं.

ऑर्किडचं फूल पुढून मागून पूर्ण स्पष्ट हवंय. एफ/२२ वर काढलं तरी मऊच दिसतं. (वाचक, धायरी)

एफ/२२ मुळेच मऊ दिसतंय. इतक्या लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो. त्यात जवळून काढताना प्रत्यक्ष छिद्र आकड्यापेक्षाही लहान ठरतं: १:१ मॅक्रोला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी) एफ/११ लावलंत तर परिणाम एफ/२२ चा आणि फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) स्पष्टतेची खोली जेमतेम १.३ मिलिमीटर.

म्हणून फोकस थोडाथोडा मागे सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर एकत्र जोडायचे. ८ सेंटिमीटरचं फॅलेनॉप्सिस फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या आडव्या चौकटीत उंचीने भरलं, तर मोठेपणा ०.३ पट होतो. एफ/८ ला खोली साधारण ७ मिलिमीटर मिळते. ओठाच्या टोकापासून मागच्या पाकळ्यांपर्यंत फूल ३ सेंटिमीटर खोल. एकात दुसरा एक-तृतीयांश मिसळेल असे फोटो घ्यायचे म्हटलं, तर प्रत्येक पाऊल ५ मिलिमीटरचं आणि एकूण सात फोटो. पुढे एक, मागे एक जादा धरून नऊ. कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फोटो घेणारी सोय) असेल तर तेच वापरा. नसेल तर लेन्सचं फोकस कडं थोडंथोडं फिरवा, पण एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअलवर बांधून. नऊ फोटोंचा उजेड वेगवेगळा असला की जोडताना पट्टे दिसतात. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडा आणि ओठाची कड मागच्या पाकळीवर जिथे येते ती जागा शंभर टक्क्यांवर तपासा. प्रभावळ उमटते ती तिथेच. मधल्या कुठल्या फोटोत फूल हललं असेल तर तो काढून टाकून पुन्हा जोडा.

एक कळकळीची विनंती. फूल नीट दिसावं म्हणून त्याला हात लावून वळवू नका. मधल्या स्तंभाच्या टोकाशी गव्हाच्या दाण्याहून लहान पांढरी टोपी असते, तिच्याखाली पिवळे परागपुंज. बोटाच्या धक्क्याने टोपी निघाली आणि परागपुंज हलले, की महिना-दोन महिने टिकणारं फूल काही दिवसांत मान टाकतं. ज्याने वर्षभर ती फांदी जपली, त्याचं नुकसान होतं. फूल वळवू नका, तुम्ही वळा.

पानांवर थेंब हवेत म्हणून स्प्रे बाटली न्यावी का? (वाचिका, कर्वेनगर)

नेऊ नका. आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लवदार पानांवर गार पाणी पडलं की फिकट डाग कायमचे राहतात, ऑर्किडच्या पोंग्यात साचलेलं पाणी कुजवतं आणि ग्लिसरीन पानाची रंध्रं बुजवतं. फॉगर थांबल्यावर दहा मिनिटांत थेंब आपोआप मिळतात, त्यांची वाट बघा. ड्रॉसेरा या कीटकभक्षी झाडाच्या केसांवरचे थेंब तर पाण्याचे नसतातच, तो त्याने स्वतः स्रवलेला चिकट रस. त्याला मागून उजेड द्या आणि फोकस केसाच्या टोकाला नव्हे, थेंबाच्या पुढच्या अंगाला धरा, आत मागच्या बागेचं उलटं चित्र दिसेल.

फक्त फोन आहे. मॅक्रो मोडमध्ये फुलाचा ओठ सुजल्यासारखा येतो. (वाचक, कसबा पेठ)

बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड सगळ्यात रुंद कोनाच्या भिंगावर चालतो. ते २-३ सेंटिमीटरवरून काढतं, म्हणून जवळची पाकळी फुगते आणि फोनची स्वतःची सावली फुलावर पडते. मॅक्रो बंद करा, मागे सरा आणि २x किंवा ३x वापरा. फार जवळ गेलात तर फोन गुपचूप टेली भिंग सोडून मुख्य भिंगाचं चित्र कापून दाखवतो. टेली भिंगावर बोट ठेवा: पडदा काळा झाला नाही, तर ते भिंग चालू नाही, आणखी मागे सरा.

फुलावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. पोर्ट्रेट मोड नेच्यांसाठी नको, बारीक पानांच्या कडा तो खाऊन टाकतो. मागची पांढरी ठिबक नळी, कुंड्या आणि नावाच्या पाट्या झाकायला काळा मॅट चार्ट पेपर दोन हात मागे धरायला बरोबरच्या माणसाला सांगा. अगदी जवळ धरलात तर त्यावर फुलाची सावली पडते. आणि आधी भिंग पुसा, खिशातल्या फोनवर नेहमीच बोटांचं तेल असतं.

घरच्या खोलीत ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) लावलाय. सगळे फोटो जांभळे आणि आडवे पट्टे. (वाचक, बाणेर)

जांभळा दिवा ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६६० चा लाल एवढाच उजेड देतो. त्यात हिरवा जवळपास नाहीच, तर व्हाइट बॅलन्स तो आणणार कुठून? फोटोपुरता दिवा बंद करून खिडकीचा उजेड घ्या किंवा पांढरा एलईडी लावा. पट्टे येतात कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा.

डिसेंबरात सिंगापूरला जातोय. तिथल्या क्लाउड फॉरेस्टसाठी काय तयारी करू? (वाचक, कोंढवा)

पहिल्या उत्तरातली वाफेची गोष्ट तिथे उलटी होते, हे आधी ध्यानात घ्या. गार्डन्स बाय द बेमधलं क्लाउड फॉरेस्ट हे डोंगरावरच्या धुकट जंगलातल्या झाडांसाठी गार ठेवलेलं काचघर आहे, आत २३ ते २५ अंश. बाहेर उकाडा आणि दमटपणा. म्हणून आत जाताना नव्हे, बाहेर पडताना लेन्सवर दव धरतं. दाराशी पोचायच्या आधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला आणि अर्धा तास काढू नका.

आत शिरताच ३५ मीटर उंचीच्या डोंगरावरून कोसळणारा धबधबा समोर येतो, तुषार थेट लेन्सवर. दोन-तीन कोरडे मायक्रोफायबर कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. धबधब्याला २४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स, पण भिंतीला चिकटलेल्या ऑर्किड आणि घटपर्णींसाठी ७०-२०० मिलिमीटरची झूम बरी, कारण उंचावरच्या वाटेवरून झाडं हातभर अंतरावर येत नाहीत. घटपर्णीच्या घटाला बाजूने किंवा मागून उजेड असेल तर भिंत पारभासी होऊन आतल्या द्रवाची पातळी दिसते, ती संधी सोडू नका. पार्श्वभूमीला काचेचा सांगाडा येणार असेल, तर छिद्र एफ/४ वर ठेवा आणि एक पाऊल बाजूला सरून मागे पानांचा गच्च भाग आणा.

बागेतल्या झाडाचा फोटो ओळख पटवायला पाठवला, तर "फुलाचा एकच फोटो पुरत नाही" असं उत्तर आलं. मग किती काढायचे? (वाचिका, विमाननगर)

उत्तर देणाऱ्याने बरोबर सांगितलं. कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात वाळवलेल्या नमुन्यांचा जो संग्रह आहे, तिथल्या कागदावर फांदी, पान, फूल, शक्य असेल तर फळ असं सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. तुमच्या फोटोंनी मिळून तेच काम करायचंय.

पूर्ण झाड, कुंडी किंवा आधाराच्या झाडासकट. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही. नवशिके खालची बाजू हमखास विसरतात आणि कॅलेथिया, बिगोनिया तिथेच ओळखू येतात. देठ खोडाला जिथे मिळतो ते पेर. फूल समोरून, बाजूने आणि मागून. ऑर्किडमध्ये ओठ आणि त्यामागची नळीसारखी शेपटी असेल तर ती बाजूच्या फोटोत यायलाच हवी. अरॉइड (अँथुरियम, मॉन्स्टेराच्या) कुळातल्या झाडांचा महाछद आणि मधला दांडा दोन्ही दिसू द्या. एका फोटोत मोजपट्टी ठेवा, नाण्यापेक्षा तीच बरी. देठ-पान मोडून चीक बघायला जाऊ नका: डिफेनबेकियासारख्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हाताला आणि चुकून डोळ्याला लागले तर आग होते.

नावाच्या पाटीचा फोटो सगळ्यात आधी काढा, म्हणजे नंतर शंभर फाइलींत कुठलं झाड कुठलं ते कळतं. पण पाटीवर डोळे मिटून विश्वास नको. कुंड्या हलतात, पाटी जुन्याच जागी राहते. पाटी त्याच कुंडीत रोवलेली आहे की बाकावर पडलेली, हे दिसेल असा फोटो घ्या. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर "लागवड केलेलं" ही खूण करा, नाहीतर पुण्यातल्या कुंडीतलं झाड नकाशावर रानातलं म्हणून दिसेल.